कागदावरचं बंड : उझबेकिस्तानात हद्दपार झालेल्या क्रिमियन तातारांचं प्रकरण

ताश्कंद म्हटलं की आपल्याकडे जानेवारी १९६६ आठवतो. भारत-पाकिस्तान करार, त्याच रात्री लालबहादूर शास्त्रींचं निधन, शिष्टमंडळात असलेले संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण. त्याच वर्षी त्याच शहरात बावीस वर्षांच्या एका तरुणावर सैन्यात जायला नकार दिल्याचा खटला चालला आणि त्याला दीड वर्षाची कैद झाली. मुस्तफा जेमिलेव त्याचं नाव. आदल्या वर्षी तिथल्या सिंचन-अभियांत्रिकीच्या संस्थेतून त्याला काढून टाकलं होतं. त्याचा जन्म मात्र ताश्कंदचा नव्हे. काळ्या समुद्राच्या काठी, क्रिमियातल्या सुदाकजवळच्या एका खेड्यात तो जन्मला आणि सहा महिन्यांचा असताना मालगाडीच्या डब्यातून उझबेकिस्तानात आला.

हद्दपारांचा विरोध म्हटला की डोळ्यांसमोर येतात ती परदेशात आसरा घेतलेली माणसं: लंडन, पॅरिसमध्ये बसून मायदेशातल्या सत्तेवर लिहिणारी. इथे तसं नाही. क्रिमियन तातार, म्हणजे क्रिमियातल्या तुर्की वंशाच्या मुस्लिम समाजातल्या, या माणसांना ज्या सोव्हिएत सत्तेने उचलून नेलं, तिच्याच पोलिसांच्या नजरेखाली, तिच्याच कारखान्यांत राबत आणि तिचंच नागरिकत्व बाळगत ती जगत होती. पळून जायला जागा नव्हती, आणि पळायचंही नव्हतं. परत जायचं होतं. १९५६ ते १९८९ अशी तेहेतीस वर्षं या लोकांनी हत्यार न उचलता एक चळवळ चालवली. सोव्हिएत संघात इतका काळ टिकलेली आणि इतक्या सामान्य माणसांना सामावून घेणारी दुसरी विरोधी चळवळ मला दिसत नाही. ती टिकली कशी, हे बघायला गेलं की तुरुंगवास आणि उपोषणं आधी दिसतात. माझं लक्ष मात्र पुन्हा पुन्हा दुसऱ्याच गोष्टीकडे जातं: अर्ज, सह्यांचे गठ्ठे, वर्गणीचा हिशेब.

तीन दिवसांत रिकामा केलेला प्रांत

११ मे १९४४ रोजी राज्य संरक्षण समितीने ठराव क्रमांक ५८५९ केला. सही स्टालिनची, अंमलबजावणी बेरियाच्या अंतर्गत सुरक्षा खात्याची. आरोप असा की जर्मन ताब्याच्या काळात क्रिमियन तातारांनी शत्रूला साथ दिली. काहींनी दिली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. जर्मनांनी उभारलेल्या तुकड्यांमध्ये तातार होते. पण हजारो तातार लाल सैन्यात लढत होते, जर्मनांच्या पिछाडीला गनिमी लढाई करणाऱ्या डोंगरातल्या पार्टिझन टोळ्यांत होते. लढाऊ वैमानिक अमेत-खान सुलतानला तर ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब दोनदा मिळाला. ठरावाने असला कुठलाच भेद केला नाही.

१८ मेच्या पहाटे दारं ठोठावली गेली आणि २० मेपर्यंत काम उरकलं. सुमारे १ लाख ९० हजार माणसं गाड्यांत भरली गेली. कुटुंबामागे ५०० किलो सामान नेता येईल, असं ठरावात लिहिलं होतं. प्रत्यक्षात कित्येकांना आवरायला पंधरा-वीस मिनिटं मिळाली. तरुण पुरुष आघाडीवर असल्यामुळे डब्यांत भरल्या त्या मुख्यतः बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. युद्ध संपल्यावर छातीवर पदकं लावून परतलेल्या तातार सैनिकांनाही त्यांच्या मागोमाग धाडण्यात आलं. दीड लाखाहून अधिक लोक उझबेकिस्तानात पोहोचले, बाकीचे उराल आणि इतर भागांत. कापसाची शेतं, खाणी, बेकाबादजवळचा फरहाद जलविद्युत प्रकल्प अशा ठिकाणी त्यांना कामाला जुंपलं. उष्मा, मलेरिया, आतड्यांचे रोग, उपासमार. किती मेले, यावर आजही वाद आहे. चळवळीने पुढे स्वतः घरोघर फिरून गणना केली, तिचा निष्कर्ष ४६ टक्के. सरकारी नोंदींतून निघणारा आकडा याहून बराच कमी आहे; तरीही क्रिमियातून नेलेल्या सगळ्या समाजांचे मिळून १९४८ पर्यंत चाळीस हजारांवर मृत्यू त्या नोंदींनीच मान्य केले आहेत.

‘विशेष वसाहत’ या नावाने चालणारी ही व्यवस्था म्हणजे भिंतीविना तुरुंग. ठरलेल्या दिवशी कमांडंटपुढे जाऊन सही करायची, परवानगीशिवाय शेजारच्या गावीही जायचं नाही. नोव्हेंबर १९४८ च्या हुकमाने हद्दपारी कायमची ठरवली आणि पळून जाणाऱ्याला वीस वर्षांची सक्तमजुरी लावली. तिकडे क्रिमियात १९२१ पासूनचं स्वायत्त प्रजासत्ताक १९४५ मध्ये गुंडाळण्यात आलं, शेकडो गावांची तातार नावं पुसून रशियन नावं दिली गेली आणि १९५४ मध्ये तो प्रांत रशियाकडून युक्रेनकडे सोपवण्यात आला.

यादीतून गळलेले

फेब्रुवारी १९५६ मध्ये ख्रुश्चेवने स्टालिनच्या अपराधांवर गुप्त भाषण केलं. हद्दपार केलेल्या समाजांचा उल्लेख करताना त्याने चेचेन, इंगुश, कराचाय, बाल्कार आणि काल्मिक यांची नावं घेतली. या समाजांना लवकरच परत जाऊ दिलं गेलं आणि त्यांच्या स्वायत्त प्रदेशांची पुन्हा उभारणी झाली. तीन नावं त्याने घेतली नाहीत: क्रिमियन तातार, व्होल्गा-जर्मन आणि जॉर्जियातून नेलेले मेस्खेतियन तुर्क.

कारणं उघडपणे कुणी सांगितली नाहीत, पण अंदाज बांधायला कठीण नाहीत. सेवास्तोपोलला काळ्या समुद्राचं आरमार, समोर ‘नाटो’त गेलेलं तुर्कस्तान, याल्टाच्या किनाऱ्यावर पक्षनेत्यांचे विश्रामबंगले, आणि तातारांच्या घरांत एव्हाना रशियन-युक्रेनियन कुटुंबं स्थिरावलेली. काल्मिकांचा गवताळ माळ परत देणं सोपं होतं. क्रिमिया देणं परवडणारं नव्हतं.

२८ एप्रिल १९५६ च्या हुकमाने तातारांवरची कमांडंटची हजेरी उठली. त्याच हुकमात दोन अटी होत्या: जप्त मालमत्ता परत मिळणार नाही आणि क्रिमियात परतता येणार नाही. चळवळीचा जन्म इथला. १९४८ च्या कायद्याखाली हूं की चूं करणं शक्य नव्हतं. अर्धवट सुटकेने हालचालीला जागा दिली आणि सोबत अन्यायाचा लेखी पुरावाही हातात ठेवला.

सही, वर्गणी, अहवाल

सुरुवात केली ती बंडखोरांनी नव्हे, पक्षाच्या जुन्या निष्ठावंतांनी. युद्धापूर्वी याल्टा भागात पक्षसचिव असलेला मुस्तफा सेलिमोव, तातार वृत्तपत्राचा माजी संपादक जेब्बार अकिमोव, कृषितज्ज्ञ आणि पार्टिझन बेकिर ओस्मानोव, अशी ही मंडळी. पक्षाची भाषा त्यांना घरच्यासारखी येत होती. त्यांच्या अर्जांचा सूर साधारण असा असे: लेनिनने १८ ऑक्टोबर १९२१ रोजी क्रिमियाचं स्वायत्त प्रजासत्ताक निर्माण केलं, स्टालिनच्या व्यक्तिपूजेच्या काळात या लेनिनवादी धोरणाला हरताळ फासला गेला, पक्षाने ही विकृती आता दुरुस्त करावी.

आज हे वाचताना कंटाळा येतो, थोडी शरमही वाटते. कोणी म्हणेल, ज्यांनी घरदार लुटलं त्यांच्यापुढे एवढं वाकायचं कशाला? मी हे वाकणं मानत नाही. सोव्हिएत राज्यघटनेत राष्ट्रीयत्वांच्या समानतेचं कलम होतं, नागरिकाला अर्ज करण्याचा हक्क होता, आणि लेनिन चुकला असं म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. या तीन गोष्टी धरून उभ्या राहिलेल्या माणसाला देशद्रोही ठरवायचं, तर तपास अधिकाऱ्याला आधी लेनिनचा हुकूम बाजूला सारावा लागे. २२ एप्रिलच्या लेनिनजयंतीला तातार त्याच्या पुतळ्याला फुलं वाहायला जमत, १८ ऑक्टोबरला प्रजासत्ताकाचा स्थापनादिन साजरा करत. १९६६ मध्ये त्याचा पंचेचाळिसावा वर्धापनदिन आला तेव्हा बेकाबाद, फरगाना, अंदिजानसारख्या गावांत पोलिसांनी हे मेळावे उधळले. लेनिनच्या नावाने जमलेल्या गर्दीवर लेनिनच्याच राज्याचे पोलीस दंडुके चालवताहेत, हे दृश्य सरकारला नको होतं, आणि तातारांनी ते त्याच्यावर वारंवार आणलं.

भाषेहून महत्त्वाची होती रचना. वस्तीवस्तीत, कारखान्यात, सामूहिक शेतीवर ‘पुढाकार गट’ तयार झाले. त्यांना अध्यक्ष नव्हता, सदस्यत्वाचं रजिस्टर नव्हतं, मध्यवर्ती समिती नव्हती. गट अर्ज तयार करी, सह्या गोळा करी आणि मॉस्कोला पाठवायचा प्रतिनिधी निवडी. प्रतिनिधीबरोबर एक अधिकारपत्र जाई, ज्यावर त्याला पाठवणाऱ्या लोकांच्या सह्या असत: अमुक माणूस आमच्या वतीने बोलायला येत आहे. प्रवासाचा आणि मॉस्कोतल्या मुक्कामाचा खर्च लोकांच्या छोट्या-छोट्या वर्गणीतून निघे. १९६४ पासून मॉस्कोत तातार प्रतिनिधी जवळपास कायम असत. एकांची मुदत संपली की दुसरे येत. केंद्रीय समितीच्या कार्यालयात अर्ज दे, मंत्रालयांच्या पायऱ्या झिजव, लेखकांना आणि जुन्या बोल्शेविकांना भेट, असा त्यांचा दिनक्रम. तिथे काय केलं, कोण भेटलं, कुणी दार बंद केलं, हे सगळं ते क्रमांकित माहितीपत्रकांत लिहीत. ती पत्रकं टंकलेखनयंत्रावर कार्बन लावून उतरवली जात आणि वस्त्यांमध्ये वाचली जात.

या व्यवस्थेत बारीक शहाणपण आहे. प्रतिनिधी पकडला तर चळवळ अडत नाही, कारण तो नेता नसून निरोप्या आहे. पैसा कुठे गेला याचा जाब कुणीही विचारू शकतो, त्यामुळे ‘पुढारी वर्गणीवर चैन करतात’ ही सरकारी कुजबूज फार चालत नाही. आणि सही करणारी माणसं, मग त्यात बहुसंख्य कामगार आणि गृहिणी का असेनात, आपल्या नावाने धोका पत्करतात. पुढच्या वेळी घाबरून मागे सरणं त्यांना अवघड जातं. १९६६ च्या २३ व्या पक्ष-महासभेला पाठवलेल्या अर्जावर लाखाहून अधिक सह्या होत्या. ज्या समाजाची सगळी लोकसंख्याच काही लाखांत, त्याच्यासाठी हे म्हणजे जवळजवळ सार्वमत. एकाच उमेदवाराच्या मतदानाला सरावलेल्या त्या देशात खऱ्या अर्थाने प्रातिनिधिक म्हणावी अशी संस्था बहुधा हीच होती, आणि ती हद्दपारांची होती. मृतांची घरोघर गणना करता आली, तीही याच जाळ्यामुळे.

सरकारने मधूनमधून तुकडे टाकले. १९५७ मध्ये ताश्कंदहून तातार भाषेत ‘लेनिन बायरागी’ वृत्तपत्र सुरू झालं, नाच-गाण्याचं ‘हायतारमा’ पथक उभं राहिलं. पेपरात कापसाचे आकडे भरपूर, क्रिमियाबद्दल चकार शब्द नाही.

सगळं दिलं आणि काहीच दिलं नाही

२१ जुलै १९६७ रोजी तातार प्रतिनिधींना क्रेमलिनमधून बोलावणं आलं. समोर गुप्तहेर खात्याचा नवा प्रमुख आंद्रोपोव, महाअभियोक्ता रुदेन्को, पोलिसखात्याचा मंत्री श्चोलोकोव. अकरा वर्षांच्या अर्जांनी तिथवर मजल मारली होती. प्रतिनिधी परत आले, ताश्कंदमध्ये हजारो लोक त्यांचा वृत्तांत ऐकायला जमले आणि पोलिसांनी त्या सभा मोडून काढल्या. ५ सप्टेंबर १९६७ रोजी हुकूम निघाला.

हा हुकूम मुळातून वाचावा असा आहे. एका पिढीतल्या काही व्यक्तींच्या कृत्यांसाठी संपूर्ण समाजावर ठेवलेला सरसकट आरोप त्याने मागे घेतला. निर्दोषत्वाचा दाखला मिळाला. पण हुकमाचा विषय होता ‘पूर्वी क्रिमियात राहणारे तातार राष्ट्रीयत्वाचे नागरिक’. म्हणजे क्रिमियन तातार नावाचा समाज उरलेलाच नाही. हे नागरिक उझबेकिस्तानात रुजले आहेत, असंही त्यात लिहिलं होतं. सोबतच्या ठरावाने त्यांना सोव्हिएत संघात कुठेही राहण्याची मोकळीक दिली, फक्त ‘रोजगार आणि पारपत्रविषयक कायद्यांनुसार’. मध्य आशियातल्या स्थानिक वृत्तपत्रांतच तो छापून आला. क्रिमियाच्या रहिवाशांना, म्हणजे शेजारधर्म ज्यांनी पाळायचा त्यांना, तातार निर्दोष ठरल्याचं कुणी सांगितलंच नाही.

‘पारपत्रविषयक कायदे’ या दोन शब्दांच्या शेपटात सगळं विष होतं. सोव्हिएत नागरिकाला पारपत्रावर, म्हणजे देशातल्या देशात लागणाऱ्या ओळखपत्रावर, राहत्या जागेच्या नोंदणीचा शिक्का लागे, त्याला प्रोपिस्का म्हणत. क्रिमियात घर घ्यायला गेलं की नोटरी म्हणे, आधी प्रोपिस्का दाखवा. प्रोपिस्का मागायला गेलं की पोलीस म्हणे, आधी घराचे कागद दाखवा. नोकरीला जावं तर प्रोपिस्का हवी. व्यवहार कच्चा राहिला की न्यायालय खरेदी रद्द करी, मग रात्री ट्रक येई, सामान आणि माणसं भरून प्रांताच्या हद्दीबाहेर नेऊन सोडी. युक्रेनच्या दंडसंहितेच्या कलम १९६ खाली पारपत्र-नियमभंगाचा गुन्हा वर. १९६७ च्या शेवटच्या महिन्यांत हजारो तातार मोठ्या आशेने क्रिमियात उतरले. नोंदणी झाली ती अगदी बोटांवर मोजण्याइतक्यांची. आणि याच काळात युक्रेनच्या इतर भागांतून शेतमजूर कुटुंबं सरकारी खर्चाने क्रिमियात वसवली जात होती. माणसं कमी पडत होती, फक्त ही नको होती.

तातारांनी कागदाने लढाई केली, तर सरकारनेही कागदानेच उत्तर दिलं, आणि ते उत्तर अधिक हुशार होतं. हद्दपारी आता कुणाच्या हुकमाने होत नव्हती. खिडकीमागचा कारकून शिक्का मारत नव्हता, एवढंच.

विनंती की मागणी

इथून चळवळीत फूट पडायला लागली. या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग मला हाच वाटतो.

१७ मार्च १९६८ रोजी मॉस्कोच्या एका रेस्तराँमध्ये अलेक्सेइ कोस्तेरिन या जुन्या बोल्शेविक लेखकाचा बहात्तरावा वाढदिवस तातार प्रतिनिधींनी साजरा केला. कोस्तेरिन आजारी होता, त्याच्या वतीने मित्र बोलायला उभा राहिला: प्योत्र ग्रिगोरेन्को, युक्रेनियन, लाल सैन्यातला माजी मेजर जनरल, लष्करी अकादमीत शिकवलेला माणूस. त्याच्या बोलण्याचा गोषवारा असा की, तुम्ही अजून विनवण्या करता आहात. जे तुमच्याकडून बेकायदा हिरावलं ते मागून मिळत नसतं, ते हक्क म्हणून मागा. तुकडे मागू नका, संपूर्ण स्वायत्त प्रजासत्ताक मागा. आणि एकटे राहू नका, देशातल्या इतर हक्कवाद्यांशी हात मिळवा.

मराठी वाचकाला इथे मवाळ-जहाल वाद आठवल्यावाचून राहणार नाही, आणि तुलना काही अंतर चालतेही. पण पुण्यात दोन्ही बाजूंकडे छापखाने होते, सभा होत्या, कौन्सिल होतं. बेकाबादमध्ये जहाल झाल्याची किंमत दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती मोजत असे.

महिनाभरात त्याचा पडताळा आला. २१ एप्रिल १९६८, रविवार. ताश्कंदजवळच्या चिरचिक गावात वसंतोत्सव आणि लेनिनजयंती मिळून तातार कुटुंबं बागेत जमली होती. गाणी, नाच चालू होते. पोलीस आणि सैनिकांनी बाग घेरली, बंबांच्या नळांनी पाणी मारलं, दंडुके चालवले. तीनशेहून अधिक लोकांना धरलं. विनंत्या करणारे आणि मागण्या करणारे दोघेही त्या पाण्यात सारखेच भिजले, याचा अर्थ मात्र दोघांनी वेगळा लावला. ओस्मानोव-अकिमोव पठडीतल्या ज्येष्ठांना वाटलं, मॉस्कोच्या असंतुष्टांशी संबंध जोडल्यामुळे सरकारला आपल्यावर ‘सोव्हिएतविरोधी’ शिक्का मारायला निमित्त मिळतं. आपला प्रश्न राष्ट्रीयत्वाचा, तो पक्षाच्या चौकटीतच सुटेल. तरुणांना वाटलं, बारा वर्षं चौकटीत राहूनच इथवर आलो. जेमिलेव मे १९६९ मध्ये मॉस्कोतल्या मानवी हक्क संरक्षणाच्या पुढाकार गटाचा संस्थापक-सदस्य झाला. ३० एप्रिल १९६८ पासून निघणाऱ्या ‘चालू घडामोडींची बखर’ या हक्कवाद्यांच्या टंकलिखित, चोरून फिरणाऱ्या पत्रकात तातारांच्या अटका, खटले, हुसकावण्या नियमित येऊ लागल्या. १९७४ चा एकतिसावा अंक तर त्यांनाच वाहिलेला होता.

सरकारने दोन्ही गटांना झोडपलं, पण वेगवेगळ्या रीतीने. जुलै १९६९ मध्ये ताश्कंदमध्ये दहा कार्यकर्त्यांवर खटला उभा राहिला. त्यांत रोल्लान कादियेव आणि इज्जेत खायरोव हे भौतिकशास्त्रज्ञ होते. सोव्हिएत व्यवस्थेची बदनामी हा आरोप, पुरावा म्हणजे त्यांनीच लिहिलेले अर्ज. त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला या, असा निरोप मिळून ग्रिगोरेन्को ताश्कंदला गेला आणि मे महिन्यात तिथेच पकडला गेला. ताश्कंदच्या मनोविकारतज्ज्ञांनी त्याला शहाणा ठरवलं. ते उत्तर चालणारं नव्हतं. मॉस्कोच्या सेर्ब्स्की संस्थेने त्याला वेडा ठरवलं आणि १९७४ पर्यंत तो मनोरुग्णालयात कोंडला गेला. तातारांची बाजू घेणारा मॉस्कोचा ज्यू शिक्षक-कवी इल्या गाबाइ जेमिलेवबरोबर १९७० मध्ये ताश्कंदच्या पिंजऱ्यात उभा राहिला. दोघांना तीन-तीन वर्षं. सुटल्यावर १९७३ मध्ये गाबाइने आत्महत्या केली. इतिहासाची अभ्यासक आयशे सेइतमुरातोवा १९७१ मध्ये तीन वर्षांसाठी आत गेली, आणि मवाळांतला म्हातारा अकिमोव? त्यालाही १९७२ मध्ये तीन वर्षंच. पक्षाच्या चौकटीत राहण्याचं बक्षीस हे.

सत्तरीचं दशक

सह्या घटल्या, प्रतिनिधी कमी झाले, तुरुंगातून आलेले थकले. चळवळ संपली असं याच काळात अनेकांना वाटलं. दोन घटना सांगून पुढे जातो.

जेमिलेव पुन्हा तुरुंगात होता. त्याची ही कैद १९७५ मध्ये संपत आली, तेव्हा त्याच्यावर तुरुंगातच नवा गुन्हा लादला गेला. त्याने उपोषण सुरू केलं. ते ३०३ दिवस चाललं, नळीने जबरदस्तीने अन्न घालत त्याला जिवंत ठेवलं गेलं. एप्रिल १९७६ मध्ये ओम्स्क शहरात खटला झाला. हक्कवादी अणुशास्त्रज्ञ आंद्रेइ साखारोव आणि त्याची पत्नी येलेना बोन्नेर सायबेरियापर्यंत गेले, त्यांना न्यायालयात शिरू दिलं नाही, दाराशी झटापट झाली. सरकारचा मुख्य साक्षीदार, एक सहकैदी, साक्षीतच उलटला. तरी शिक्षा झाली, अडीच वर्षं. आता मात्र जेमिलेवचं नाव जगभर पोहोचलं होतं. सह्यांच्या गठ्ठ्यांनी जे साधलं नव्हतं ते एका माणसाच्या शरीराने साधलं.

दुसरी घटना क्रिमियातली. मुसा मामुत कुटुंबासह परतून एका खेड्यात राहिला. प्रोपिस्का नाही म्हणून १९७६ मध्ये त्याला तुरुंगात टाकलं. सुटून आल्यावर पुन्हा तोच गुन्हा, तोच शिपाई दारात. २३ जून १९७८ रोजी पोलीस न्यायला आला तेव्हा त्याने अंगावर पेट्रोल ओतून पेटवून घेतलं. पाच दिवसांनी तो गेला. ऑगस्टमध्ये मंत्रिपरिषदेने ठराव क्रमांक ७०० काढला: क्रिमियातले पारपत्र-नियम आणखी कडक करावेत. याच सुमारास उझबेकिस्तानच्या काश्कादार्या भागातल्या रखरखीत मुबारेक परिसरात तातारांना एक ‘आपला’ प्रदेश द्यायचा घाट घातला गेला. क्रिमियाच्या बदल्यात वाळवंट. कुणी फारसं फिरकलं नाही.

लाल चौक आणि त्यानंतर

गोर्बाचेव आला, कैदी सुटू लागले आणि १९८७ च्या जुलैत तातार शेकड्यांनी मॉस्कोत आले. सत्तरीच्या दशकापासून मंदावलेलं गावोगावचं जाळं काही आठवड्यांत जागं झालं, याचं मला नवल वाटत नाही. अधिकारपत्र लिहायची, वर्गणी काढायची सवय घराघरांत होती. सरकारने ज्येष्ठ सोव्हिएत नेते ग्रोमिको यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. पण २३ जुलैला ‘तास’ वृत्तसंस्थेच्या निवेदनात जर्मनांशी हातमिळवणीचा जुना आरोप पुन्हा उगाळला गेला. दोन दिवसांनी तातार लाल चौकाच्या कडेला जाऊन बसले आणि रात्रभर हलले नाहीत. ग्रोमिको आयोगाने १९८८ मध्ये स्वायत्ततेला आधार नसल्याचा निर्वाळा दिला. त्याकडे लोकांनी लक्षच दिलं नाही, बोचकी बांधायला घेतली. जून १९८९ मध्ये फरगाना खोऱ्यात मेस्खेतियन तुर्कांवर हल्ले झाले, माणसं मारली गेली, तेव्हा उझबेकिस्तान सोडायची घाई वाढली. १४ नोव्हेंबर १९८९ रोजी सर्वोच्च सोव्हिएतने, म्हणजे देशाच्या संसदेने, सामूहिक हद्दपारीला बेकायदा आणि गुन्हेगारी कृत्य म्हटलं.

मवाळ-जहाल भांडण तेव्हाही मिटलं नव्हतं. बेकिर ओस्मानोवचा मुलगा युरी, जो स्वतः तुरुंग भोगून आला होता, त्याचं म्हणणं असं की आधी राज्याने स्वायत्तता द्यावी, मग नियोजनपूर्वक, घरं-रोजगारासह परत न्यावं. जेमिलेवच्या गटाने १९८९ मध्ये वेगळी संघटना काढली: थांबायचं नाही, जाऊन मोकळ्या जमिनीवर तंबू ठोकायचे. लोकांनी तंबूंचा मार्ग धरला. काही वर्षांत दोन लाखांवर माणसं परतली. सिंफेरोपोलभोवती विटा-पत्र्यांच्या वस्त्या उभ्या राहिल्या, पाणी-विजेविना. जून १९९१ मध्ये तिथे कुरुलताय, म्हणजे राष्ट्रीय सभा, भरली आणि तिने मेजलिस, म्हणजे समाजाचं प्रतिनिधी मंडळ, निवडलं, अध्यक्ष जेमिलेव. युरी ओस्मानोवचा नोव्हेंबर १९९३ मध्ये सिंफेरोपोलमध्ये खून झाला.

जेमिलेव विजयी ठरला म्हणून इतिहास त्याच्या बाजूने सांगितला जातो. मला ते अपुरं वाटतं. त्याच्या उपोषणामागे उभं राहायला जो संघटित समाज होता, तो अर्ज लिहिणाऱ्या म्हाताऱ्यांनी घडवला होता. उलट ओस्मानोवच्या टीकेतही तथ्य होतं: स्वायत्ततेची हमी न घेता परतल्यामुळे तातार आपल्याच प्रांतात अल्पसंख्य, घर-जमिनीविना, नगरपालिकेच्या दयेवर राहिले. २००१ च्या युक्रेनियन जनगणनेत क्रिमियात ते १२ टक्के होते.

ख्रुश्चेवच्या भाषणातून वगळलेल्या बाकी दोघांकडे बघितलं तर या चळवळीचं वजन कळतं. व्होल्गा-जर्मनांनीही शिष्टमंडळं पाठवली, पण त्यांच्यापुढे जर्मनीला निघून जाण्याची वाट होती आणि बहुतेकांनी ती धरली. मेस्खेतियन तुर्कांना जॉर्जियाने दार उघडलं नाही; फरगानातून उठून ते रशिया, अझरबैजान, पुढे अमेरिकेपर्यंत पांगले. तातारांना असा दुसरा देश हवाच नव्हता. तुर्कस्तानात त्यांच्या आधीच्या शतकांतल्या स्थलांतरितांचे वंशज मोठ्या संख्येने होते, तरी अर्जांमध्ये तिकडे जाण्याची मागणी दिसत नाही. ही मागणी न करणं हा चळवळीचा सर्वांत मोठा निर्णय होता, असं मी मानतो, आणि त्यावर दोन्ही गटांचं कधी दुमत झालं नाही.

मार्च २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया ताब्यात घेतला. पुढच्याच महिन्यात सत्तरी गाठलेल्या जेमिलेवला प्रवेशबंदी झाली. एप्रिल २०१६ मध्ये मेजलिस ‘अतिरेकी संघटना’ ठरवून त्यावर बंदी घातली गेली. गावोगावी लोकांनी निवडलेली स्थानिक मेजलिसं होती, त्यांच्या दोन हजारांवर सदस्यांवर आता केवळ निवडून आल्याबद्दल फौजदारी कारवाई होऊ शकते.